पट्ट्याचा इतिहास आणि मागची सीट

उन्हाळा लागला की आपल्या न्यू जर्सीत दोन दृश्यं हमखास दिसतात. एक म्हणजे न्यूअर्क विमानतळावर आई-बाबांना घ्यायला आलेली मराठी मंडळी, आणि दुसरं म्हणजे रस्तोरस्ती लागलेले ‘क्लिक इट ऑर तिकीट’चे फलक. पट्टा लावा, नाहीतर दंड भरा! आता गंमत बघा. पुढे बसलेल्या दोघांपैकी कुणी पट्टा लावला नसेल, तर पोलीस तेवढ्याच कारणासाठी गाडी थांबवू शकतो. मागे बसलेल्या प्रौढ माणसालाही २०१० पासून पट्टा सक्तीचा आहे, पण त्याने तो लावला नाही एवढ्यावरून पोलिसाला गाडी थांबवता येत नाही. दुसऱ्या कुठल्या तरी कारणाने गाडी आधी थांबवली असेल, तरच मागच्याच्या नावाने पावती फाडता येते.

आणि आपल्या गाडीत मागे कोण बसतं? आई-बाबा. कुणाचे सासू-सासरे. सोळा-सतरा तासांच्या प्रवासाने आंबलेले, पायाशी लोणच्याच्या बरण्यांची पिशवी घेऊन बसलेले. “पट्टा लाव गं आई” म्हटलं की उत्तरं ठरलेली. “मागे कशाला?” “पोटावर दाबतो.” “साडी चुरगळते.” “आत्ता विमानात लावला होता की!” यातलं शेवटचं उत्तर बिनतोड असल्यामुळे आपण गप्प बसतो आणि गाडी टर्नपाईकला लागते.

एकाच गाडीत हे दोन न्याय का? पेशाने मी कॉम्प्युटरवाला. एखाद्या जुन्या प्रोग्रॅममध्ये विचित्र अट दिसली की आमच्यातले शहाणे लोक ती लगेच पुसत नाहीत. ती कुणी, कधी आणि कुठल्या अडचणीत लिहिली ते आधी शोधतात. पट्ट्याच्या कायद्याचं मी तसंच करून बघितलं. वाचता वाचता लक्षात आलं की अमेरिकेतला हा कायदा लोकांचे जीव वाचवण्यासाठी झाला हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं म्हणजे एक सौदा होता, आणि त्या सौद्यात मागची सीट धरलेलीच नव्हती.

पट्टा मोटारीत आला तो विमानातून. ह्यू डीहेवन नावाचा एक अमेरिकन तरुण पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हवाई दलात दाखल झाला. १९१७ साली प्रशिक्षण चालू असताना त्याच्या विमानाचा अपघात झाला. तो वाचला, पण पोटाला जबर इजा झाली, आणि ती त्याच्या पट्ट्याच्याच बकलामुळे झाली असावी असं त्याच्या लक्षात आलं. पुढे आयुष्यभर त्याने एकच प्रश्न धरून ठेवला. इतक्या उंचावरून पडून काही माणसं वाचतात आणि काही मरतात, ते का? १९४२ साली त्याने उंचावरून पडूनही वाचलेल्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचं म्हणणं साधं होतं. काचसामान पाठवताना आपण खोक्यात पेंढा भरतो, मग माणूस मोटारीत भरताना एवढा निष्काळजीपणा का? पुढे त्याने कॉर्नेल विद्यापीठात मोटार अपघातांतल्या जखमांचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला.

दुसरा माणूस अमेरिकन हवाई दलातला डॉक्टर, जॉन पॉल स्टॅप. हा प्रयोग करायचा तो स्वतःवर! १० डिसेंबर १९५४ ला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात तो रॉकेट लावलेल्या घसरगाडीत पट्ट्यांनी जखडून बसला. गाडी ताशी ६३२ मैलांवर गेली आणि १.४ सेकंदात थांबली. गुरुत्वाकर्षणाच्या ४६ पटींहून जास्त जोर त्याच्या शरीराने सोसला. डोळ्यांत रक्त उतरलं, काही वेळ दिसेनासं झालं, पण माणूस वाचला. माणसाचं शरीर वाटतं त्याहून चिवट असतं, त्याला फक्त नीट बांधून ठेवायला हवं, हे त्याने दाखवून दिलं. (आम्हा कॉम्प्युटरवाल्यांच्या तोंडी सदैव असणारा ‘मर्फीचा नियम’ही स्टॅपच्याच १९४९ च्या प्रयोगांतून निघाला असं सांगतात. मोजमाप करणारी उपकरणं कुणीतरी उलटी जोडली होती म्हणे!) हवाई दलाचे जितके लोक विमान अपघातात मरतात त्याहून जास्त मोटार अपघातात मरतात, हे स्टॅपच्या लक्षात आलं, आणि १९५५ पासून त्याने मोटारींच्या धडकांवर परिषदा भरवायला सुरुवात केली.

आज आपण लावतो तो पट्टा मात्र स्वीडनचा. निल्स बोलिन हा इंजिनिअर आधी साब कंपनीत लढाऊ विमानांतून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्या बनवायचा. व्होल्वोने त्याला नेमकं उलटं काम दिलं, माणूस आतच राहायला हवा! तोपर्यंतचे बहुतेक पट्टे नुसते कमरेवरचे, आणि बक्कल बरोबर पोटावर. धडक बसली की बक्कलच पोटात घुसायचं. बोलिनने एक पट्टा कमरेवरून आणि एक छातीवरून तिरका नेला, दोन्ही बाजूला एकाच ठिकाणी खाली अडकवले, आणि सगळं एका हाताने लावता येईल असं केलं. १९५९ साली तो व्होल्वोच्या गाड्यांत आला. १९६२ साली अमेरिकन पेटंट मिळालं, पण कंपनीने ते सगळ्या जगाला वापरू दिलं. बोलिनचं जानव्यासारखं तिरकं गणित गेल्या साठ-पासष्ट वर्षांत फारसं बदललेलं नाही. माझ्या धंद्यात पाच वर्षांपूर्वीचं काही टिकलं तरी आम्ही पेढे वाटतो!

म्हणजे १९६० पर्यंत पट्टा तयार होता. लोक लावत मात्र नव्हते आणि कंपन्या विकायला तयार नव्हत्या. नॅश कंपनीने १९५० च्या गाड्यांत पट्टे देऊन बघितले होते. फोर्डने १९५६ साली सुरक्षिततेचीच जाहिरात केली. त्यामागे होते रॉबर्ट मॅक्नमारा, तेच पुढचे संरक्षणमंत्री. पण त्या वर्षी शेवरोले पुढे गेली आणि डेट्रॉईटने धडा घेतला की सुरक्षितता विकली जात नाही. गाडीत पट्टा आहे म्हटलं की गिऱ्हाईक विचारणार, “म्हणजे गाडी आदळते की काय?”

मग आले राल्फ नेडर. लेबनॉनहून आलेल्या कुटुंबातला हा वकील. १९६५ साली त्यांचं ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक आलं. जनरल मोटर्सने त्यांच्यामागे खाजगी गुप्तहेर लावले, ते उघडकीला आलं, आणि मार्च १९६६ मध्ये कंपनीच्या अध्यक्षांना सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली. पुस्तकाने झालं नसतं ते गुप्तहेरांनी करून दिलं! ९ सप्टेंबर १९६६ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी वाहन सुरक्षेच्या कायद्यावर सही केली, आणि १९६८ पासून प्रत्येक नव्या मोटारीत पट्टे बसवणं कंपन्यांवर सक्तीचं झालं.

मागच्या सीटची पहिली गळती इथेच आहे. पुढच्या दोघांना खांद्यावरचा पट्टा मिळाला, मागच्यांना नुसता कमरेचा. मागे दाराजवळ बसणाऱ्यांना खांद्याचा पट्टा सक्तीचा व्हायला १९८९ चा डिसेंबर उजाडला. मागे मध्ये बसणाऱ्यासाठी तर २००२ साली ‘अँटन्स लॉ’ नावाचा वेगळा कायदा करावा लागला आणि अंमलबजावणी पूर्ण व्हायला २००७ आलं. पुढच्यांना जे १९६८ ला मिळालं ते मागे मध्ये बसणाऱ्याला एकोणचाळीस वर्षांनी! आणि आपल्याकडे मध्ये कोण बसतं? जो घरात सगळ्यात लहान, किंवा जो तक्रार करत नाही तो.

गाडीत पट्टे असणं वेगळं आणि ते लावणं वेगळं. लावण्याची सक्ती जगात सर्वप्रथम केली ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने, डिसेंबर १९७० मध्ये. त्या वर्षी तिथे रस्त्यावर १,०६१ माणसं गेली होती. वर्तमानपत्राने मोहीम उघडली, लोकांनी साथ दिली आणि १९७२ पर्यंत सगळ्या ऑस्ट्रेलियात तसा कायदा झाला. अमेरिकेने मात्र माणसावर सक्ती करण्याऐवजी यंत्रावर सक्ती करायचं ठरवलं, आणि त्यातून जे झालं ते वाचताना मला हसू आवरलं नाही.

झालं असं की सरकारला गाड्यांत एअरबॅग हवी होती. कंपन्यांना ती महाग वाटत होती. एप्रिल १९७१ मध्ये हेन्री फोर्ड दुसरे आणि ली आयकोका व्हाईट हाऊसमध्ये निक्सनना भेटले आणि त्यांनी गाऱ्हाणं घातलं. निक्सनसाहेबांना सगळं टेप करण्याची सवय असल्यामुळे ते संभाषण आज ऐकायला मिळतं. एअरबॅग पुढे ढकलली गेली आणि तिच्याऐवजी १९७४ च्या गाड्यांत ‘इंटरलॉक’ आलं. पुढे बसलेल्यांनी पट्टा लावल्याशिवाय गाडी सुरूच होणार नाही! त्यातही क्रम ठरलेला. आधी बसा, मग पट्टा लावा, मग किल्ली फिरवा. कुणी पट्टा कायमचा अडकवून त्याच्यावर बसू नये म्हणून ही युक्ती. कागदावर तर्क अगदी चोख. पण सीटखालच्या वजनकाट्याला माणूस आणि बटाट्याची पिशवी यांतला फरक कळत नव्हता. शेजारच्या सीटवर वाणसामान ठेवलं की गाडी म्हणायची, त्यालाही पट्टा लावा. कुत्रा बसला की त्यालाही लावा. परीक्षण न करता सॉफ्टवेअर थेट गिऱ्हाइकाकडे पाठवलं की काय होतं, ते मला तरी नव्याने सांगायची गरज नाही.

लोक असे भडकले की विचारू नका. अनेकांनी सरळ वायरी कापल्या. ऑगस्ट १९७४ मध्ये निक्सन राजीनामा देऊन गेले, देश त्या धक्क्यात होता, आणि त्याच दिवसांत काँग्रेसला आलेल्या पत्रांमध्ये इंटरलॉकवरचा राग ओसंडत होता. न्यू हॅम्पशायरचे लुई वायमन यांनी पुढाकार घेतला आणि ऑक्टोबर १९७४ मध्ये इंटरलॉकच्या सक्तीवर कायद्यानेच बंदी आली. एवढंच नाही, तर पट्टा लावला नाही म्हणून गाडीने आवाज करायचा तो आठ सेकंदांहून जास्त करण्याची सक्ती सरकारने करायची नाही, असंही लिहून टाकलं. पट्ट्यासाठी गाडीने किती वेळ कुरकुर करावी हे संसदेने ठरवल्याचं दुसरं उदाहरण मला सापडलेलं नाही.

यानंतर दहा वर्षं सगळं थंड. १९८३ च्या सुमाराला अमेरिकेत शंभरातली जेमतेम चौदा माणसं पट्टा लावत होती. रेगन सरकारने १९८१ मध्ये एअरबॅगसारख्या आपोआप चालणाऱ्या संरक्षणाचा नियमच रद्द केला, तेव्हा विमा कंपन्या कोर्टात गेल्या, आणि १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असं मनाला येईल तसं रद्द करता येणार नाही. आता चेंडू वाहतूक मंत्री एलिझाबेथ डोल यांच्याकडे आला. जुलै १९८४ मध्ये त्यांनी जो तोडगा काढला, तोच तो सौदा. १९८७ ते १९९० च्या दरम्यान टप्प्याटप्प्याने सगळ्या गाड्यांत आपोआप संरक्षण देणारी यंत्रणा बसवा. मात्र १ एप्रिल १९८९ पर्यंत देशाच्या दोन तृतीयांश लोकसंख्येला लागू होतील असे पट्ट्याचे कायदे राज्यांनी केले, तर कंपन्यांची यातून सुटका!

झालं! ज्या कंपन्या वीस वर्षं पट्ट्याबद्दल उदासीन होत्या त्याच आता राज्याराज्यांत पट्ट्याच्या कायद्यासाठी पैसे ओतू लागल्या, माणसं पाठवू लागल्या. कायदा कसा हवा याच्या अटी डोलबाईंच्या नियमात होत्या. दंड किमान २५ डॉलर हवा, वगैरे. आणि पट्टा कुणाला सक्तीचा? पुढच्या सीटवर बसणाऱ्यांना. मागच्या सीटचं नाव नाही. ज्याला फक्त मोजणीत बसायचं आहे तो कशाला जास्तीचं काम करील?

त्याच जुलै महिन्यात न्यूयॉर्कचे गव्हर्नर मारियो कुओमो यांनी अमेरिकेतल्या पहिल्या राज्य कायद्यावर सही केली. पुढचे सगळे आणि मागची लहान मुलं, एवढ्यांना सक्ती. पाठोपाठ १ मार्च १९८५ पासून आपल्या न्यू जर्सीत कायदा आला. मग रांगच लागली. पण गंमत अशी की पुष्कळ राज्यांचे कायदे डोलबाईंच्या अटींत बसलेच नाहीत. कॅलिफोर्नियाने तर आपला कायदा कंपन्यांच्या सुटकेसाठी मोजला जाणार नाही अशी तरतूदच केली. शेवटी कायदेही आले आणि एअरबॅगही आली. मधल्या काळात कंपन्यांनी एअरबॅग टाळण्यासाठी मोटारवर चालणारे पट्टे काढले. दार लावलं की पट्टा खिडकीच्या वरून सरकत येऊन आपोआप खांद्यावर बसायचा. नव्वदीत इथे येऊन जुनी कॅमरी घेतलेली आपली ज्येष्ठ मंडळी त्याची आठवण अजून काढतात. कमरेचा पट्टा मात्र हाताने लावावा लागायचा, आणि तो लोक हटकून विसरायचे.

विरोधही झाला. मॅसॅच्युसेट्समध्ये १९८६ च्या सुरुवातीला कायदा आला आणि त्याच नोव्हेंबरात लोकांनी मतदान करून तो रद्द केला. रेडिओवरच्या चर्चांमध्ये ‘माझं शरीर, माझी गाडी’ असा सूर होता. १९९४ मध्ये तो परत आला, परत मतदान झालं आणि या वेळी लोकांनी तो ठेवला. न्यू हॅम्पशायरमध्ये प्रौढांना आजही सक्ती नाही. लुई वायमन यांच्या राज्याने सातत्य राखलंय असं म्हणायचं.

या विरोधातला एक भाग मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अनेक राज्यांनी सुरुवातीला ‘नुसत्या पट्ट्यासाठी गाडी थांबवायची नाही’ अशी अट घातली, आणि त्यामागे कृष्णवर्णीय समाजाची भीती हेही एक कारण होतं. पोलिसांच्या हाती गाडी थांबवण्याचं आणखी एक निमित्त कशाला द्यायचं? ही भीती हवेतली नव्हती. रंग बघून गाड्या थांबवल्याचं प्रकरण १९९८-९९ मध्ये आपल्याच टर्नपाईकवर गाजलं होतं. न्यू जर्सीने २००० साली पुढच्या सीटपुरती ती अट काढली. पट्टा लावणाऱ्यांचं प्रमाण वाढलं हे खरं, पण त्या वेळी शंका घेणाऱ्यांना मूर्ख म्हणायला माझं मन धजत नाही. आपणही काही गोरे नाही.

एप्रिल २००७ मध्ये तर न्यू जर्सीचे गव्हर्नर जॉन कोरझाईन स्वतःच सापडले. पार्कवेवरून त्यांची सरकारी गाडी ताशी ९१ मैलांनी चालली होती. गव्हर्नरसाहेब पुढे बसलेले, पट्टा नाही. अपघातात मरता मरता वाचले. नंतर त्यांनी स्वतःच्याच राज्याच्या कायद्याप्रमाणे ४६ डॉलर दंड भरला, आणि मी खरं तर मेलेलाच असायला हवा होतो अशा अर्थाची जाहिरात टीव्हीवर केली. जानेवारी २०१० मध्ये पद सोडता सोडता त्यांनी मागच्या सीटच्या कायद्यावर सही केली. तोच आपला अर्धामुर्धा कायदा, गाडी न थांबवता येणारा.

त्याचं अर्धेपण २०१५ च्या मे महिन्यात दिसलं. ‘अ ब्यूटिफुल माइंड’ सिनेमा ज्यांच्यावर निघाला ते गणितज्ञ जॉन नॅश आणि त्यांची पत्नी ॲलिशिया नॉर्वेच्या राजाच्या हस्ते आबेल पुरस्कार घेऊन परत आले. न्यूअर्कला उतरले, घरी जायला टॅक्सी केली. २३ मेला टर्नपाईकवर टॅक्सी कठड्यावर आदळली आणि मागे बसलेले दोघंही बाहेर फेकले गेले. ते ८६ वर्षांचे, त्या ८२ च्या. पट्टे लावलेले नव्हते असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं. आमच्या विषयात नॅशचं नाव प्रत्येकाने शिकलेलं असतं, त्यामुळे ती बातमी लागली. पण जास्त लागला तो रस्ता. विमानतळावरून वयस्कर जोडपं मागच्या सीटवर बसून त्याच रस्त्याने आपल्या प्रत्येकाच्या घरी येतं.

न्यूयॉर्कने मागच्या सगळ्यांना पट्टा सक्तीचा केला तो १ नोव्हेंबर २०२० पासून. त्यावर सही करणारे गव्हर्नर होते अँड्र्यू कुओमो. बापाने १९८४ ला पुढची सीट बांधली, मुलाने छत्तीस वर्षांनी मागची.

आपल्या महाराष्ट्राने तर याची फार मोठी किंमत मोजली आहे. ३ जून २०१४ ला दिल्लीत गोपीनाथ मुंडे गेले. केंद्रात मंत्री होऊन आठवडाच झाला होता. ते मागच्या सीटवर होते. पट्टा लावला असता तर ते वाचले असते, असं तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी जाहीरपणे सांगितलं. त्यानंतर ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींची गाडी आदळली. पुढचे दोघं वाचले, मागचे दोघं गेले. गाडी मर्सिडीज होती. मागच्या सीटवरच्या दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. मागे बसणाऱ्याला पट्टा लावण्याचा नियम भारतात तेव्हाही होता आणि २०१९ पासून दंडही हजार रुपये होता, पण किती जणांना ठाऊक होतं? अपघातानंतर मुंबई पोलिसांनी नोव्हेंबर २०२२ पासून सगळ्या प्रवाशांना सक्ती जाहीर केली. पुढची गोष्ट १९७४ ची आठवण करून देणारी. पट्ट्याचा इशारा वाजू नये म्हणून बकलात अडकवायची खोटी क्लिप बाजारात सर्रास मिळत होती, आणि ती विकू नका असा आदेश ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला मे २०२३ मध्ये ऑनलाइन दुकानांना द्यावा लागला. अमेरिकेत वायरी कापल्या, आपण क्लिप लावली!

सुट्टीत मुंबईला उतरून पुण्याची टॅक्सी केली की मागच्या सीटचे पट्टे दिसतात, पण बकलं सीटकव्हरखाली कुठेतरी गाडलेली असतात. ड्रायव्हरला म्हटलं तर तो म्हणतो, “साहेब, मागे लागत नाय.” आणि मग आजी नातवाला मांडीवर घेते. इथे त्याच मुलाला कारसीटमध्ये पाच ठिकाणी बांधणारे आपण तिथे काही बोलत नाही, कारण आजी वर्षभर त्या मांडीची वाट बघत असते.

थोडं गणित करू या. ताशी ३० मैल, म्हणजे सेकंदाला १३.४ मीटर. तिसऱ्या मजल्यावरून खाली पडल्यावर साधारण एवढाच वेग येतो. गाडी आदळली, पुढचा भाग चेपला आणि गाडी ६० सेंटिमीटरमध्ये थांबली असं धरा. शाळेतलं सूत्र लावलं तर हा झटका गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे पंधरापट येतो. १२ किलोचं नातवंड त्या क्षणी १८० किलोंच्या ओढीने पुढे जातं. दहावा भाग सेकंदात, आधी सूचना न देता. द्रुतगती मार्गावरचा वेग याच्या दुप्पट असतो, आणि त्या वेगाला ऊर्जा चौपट होते.

हेच गणित आईला लावा. ६० किलोची आई ९०० किलोंच्या जोराने पुढच्या सीटच्या पाठीवर आदळते, आणि त्या सीटवर आपण बसलेले असतो. जपानमधल्या अपघातांचा एक अभ्यास २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. मागच्याने पट्टा लावलेला नसेल तर पुढे पट्टा लावून बसलेल्या माणसाचा मृत्यूचा धोका जवळजवळ पाचपट होतो, असं त्यात निघालं. माझ्या आईशी मी मागच्या सीटवरून तीन वर्षं वाद घातला होता. अपघाताची भीती घातली, दंडाची घातली, काही उपयोग झाला नाही. तिचं म्हणणं एकच, “माझं आता काय राहिलंय?” हा जपानचा अभ्यास सांगितल्यावर तिने एवढंच विचारलं, “म्हणजे मी तुझ्या अंगावर पडणार?” त्यानंतर वाद झालेला नाही.

दाबण्याची तक्रार खरी असते. कमरेचा भाग पोटावर न ठेवता खाली, मांड्यांच्या सांध्यापाशी, कमरेच्या हाडावर यायला हवा. साडीच्या निऱ्यांमुळे तो वर सरकतो, तेव्हा बसल्यावर एकदा हाताने खाली ओढून घ्यायचा. जाड स्वेटर किंवा कोट असेल तर पट्टा त्याच्या आतून. खांद्याचा भाग गळ्याला घासत असेल तर मधल्या सीटवरून कडेला बसवून बघा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच प्रश्न सुटतो.

आठ सेकंदांची ती बंदी काँग्रेसने २०१२ मध्ये उठवली. मागच्या सीटवर पट्टा लावला की नाही हे ड्रायव्हरला कळवणारी सूचना नव्या गाड्यांत असावी, असा केंद्राचा नियम जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्यापैकी बहुतेकांच्या दारातल्या गाड्या त्याआधीच्या आहेत, त्या काही बोलणार नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात न्यूअर्कला सामान डिकीत भरून झालं, की लोणच्याची पिशवी नीट ठेवा आणि किल्ली फिरवण्याआधी एकदा मागे वळून बघा.